लांबचा झोत हवाच, पण पाय आधी दिसू देत



शेतकी खात्याचा माणूस बेणे, खत, खोडवा सोडून बॅटरीवर लिहायला बसला म्हणून कोणी हसू नये. गेली वीस वर्षे मी आपल्या शिवारातून फिरतो आहे. लागणीच्या नोंदी दिवसा होतात, पण उसाला पाणी पाजणारा माणूस खरा कळतो तो रात्री. आपल्या बऱ्याच गावांत लाईटची रात्रपाळी अजून संपलेली नाही. थ्री फेज आली की हातातला घास टाकून माणूस मोटार चालू करायला निघतो. त्याच्याजवळ तीनच गोष्टी असतात, खोरे, काठी आणि बॅटरी. पहिल्या दोन्हींची पारख आपल्याला आहे. तिसरी मात्र आपण डब्यावरचे चित्र बघून घेतो.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आपल्या एका गटातले जुने सभासद, सगळे त्यांना तात्या म्हणतात, आडसालीला दारे धरत होते. चार दिवसांपूर्वीच त्यांनी बाजारातून नवी बॅटरी आणली होती. डब्यावर ‘२ किलोमीटर’ छापलेले. पाणी सरीच्या टोकाला पोचले का हे बघायला त्यांनी बांधावर उभे राहून लांब झोत टाकला, नजर झोताबरोबर गेली, आणि पुढचे पाऊल पडले ते पाचटात बसलेल्या घोणशीवर. शेजारच्या वस्तीवरच्या पोरांनी मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेले, वेळेत लस मिळाली म्हणून तात्या आज आपल्यात आहेत. मी भेटायला गेलो तेव्हा सुजलेल्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, “साहेब, बॅटरी लई लांब मारती. पर माझा पाय जवळ हुता.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तात्यांचे हे एक वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, म्हणून हा लेख.

पुढच्या आठवड्यात गट ऑफिसला सात-आठ सभासद जमले होते. कोणाच्या बॅटरीत महिन्यात पाणी शिरले होते, कोणाची चार्ज होत नव्हती, कोणाची दोन तासांत मान टाकत होती. त्यात एक आयटीआय झालेला पोरगा होता. तो म्हणाला, “साहेब, कारखाना आपण काढला, दूध संघ आपण काढला, मग आपल्या कामाची बॅटरी आपणच ठरवून का बनवून घेऊ नये?” मी आधी हसलो. मग घरी येऊन विचार केला, तर हसण्यासारखे त्यात काही नव्हते. गाव करी ते राव न करी, हे आपण लोकांना सांगत आलो आहोत. प्रवरेच्या काठी १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले, तेव्हाही हसणारे होतेच.

अशी गोष्ट जगात झालेलीही आहे. निरनिराळ्या देशांतल्या बॅटरीच्या छंदी लोकांनी आपसांत आराखडा ठरवला, वाद घातले, कामे वाटून घेतली, आणि चीनमधल्या एका कारखान्याकडून ती बॅटरी बनवून घेतली. २०१८ मध्ये ती लोकांच्या हातात आली. ‘बीएलएफ जीटी’ हे तिचे नाव. तिचा पल्ला सुमारे २ किलोमीटर सांगतात, आणि हिशेबाने तो बरोबर बसतो. पण आपण तिची नक्कल करायला जाऊ नये. त्यांचा छंद होता, आपले काम आहे. त्यांच्याकडून घ्यायची ती फक्त रीत. आधी आपली गरज कागदावर लिहायची, मग पैशाची मर्यादा ठरवायची, आणि सगळ्यात शेवटी वस्तूला हात घालायचा. आपण नेमके उलटे करतो.

पल्ला म्हणजे काय?

डब्यावरच्या किलोमीटरचा अर्थ आधी समजून घेऊ. बॅटरीच्या पल्ल्याची एक मोजणी २००९ साली अमेरिकेत ठरली आणि चांगले कारखानदार ती पाळतात. ज्या अंतरावर झोताचा उजेड ०.२५ लक्स उरतो, तो पल्ला. हा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. म्हणजे १ किलोमीटर पल्ला लिहिला असेल, तर १ किलोमीटरवर चांदण्याएवढा उजेड पडतो. त्यात पांढरे काही असेल तर जाणवेल, पण पाचटाच्या रंगाचे जनावर ओळखू येणार नाही. कामाचा उजेड हवा तर निदान त्याच्या चौपट, म्हणजे १ लक्स धरावा. तो मिळतो लिहिलेल्या पल्ल्याच्या निम्म्यावर. आणि जो ही मोजणीच पाळत नाही, तो डब्यावर काहीही छापू शकतो.

दुसरी गोष्ट, लांब मारणे आणि जास्त उजेड असणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकूण उजेड लुमेनमध्ये मोजतात, झोताची धार कॅन्डेलामध्ये. पाटाचे पाणी तेवढेच असते, पण सगळ्या वावरात मोकळे सोडले तर दहा पावलांवर जिरते आणि एका सरीत घातले तर टोकाला जाते. तसेच हे. बॅटरीतली चकचकीत वाटी ही आपली सरी. एलईडी तीच ठेवून वाटी दुप्पट रुंद केली, की पल्ला साधारण दुप्पट होतो. एलईडीचा दाणा जितका बारीक आणि प्रखर, तितका झोत घट्ट. ‘इतके वॅट, तितके वॅट’ ऐकून भुलण्यात अर्थ नाही.

आणि तिसरी गोष्ट खिशाची आहे. पल्ला दुप्पट हवा तर धार चौपट लागते, पाचपट हवा तर पंचवीसपट. २०० मीटरवर कामाचा उजेड मिळवायला ४०,००० कॅन्डेला पुरतात. तेच १ किलोमीटरवर हवे तर १० लाख लागतात. म्हणजे वाटी परातीएवढी करा, नाहीतर एलईडी आणि सेल यांवर कितीतरी जास्त खर्च करा. त्या छंदी लोकांची बॅटरी १० लाखांचीच आहे, आणि ती खांद्याला अडकवून खोरे चालवता येणार नाही.

आपल्याला किती लांब बघायचे आहे?

हे घरात बसून ठरत नाही, म्हणून आम्ही एका रात्री बांधावर गेलो. टेप धरून ५०, १००, १५० आणि २०० मीटरवर काठ्या रोवल्या. प्रत्येक काठीला एक पांढरी खताची गोणी आणि एक तपकिरी गोणपाट टांगले. प्रत्येकाने आपापली बॅटरी मारली. तात्यांच्या ‘२ किलोमीटर’ला पांढरी गोणी २०० मीटरवर दिसली, पण गोणपाट ८० पावलांच्या पुढे कोणालाच ओळखता आले नाही. त्या रात्री डब्याचा मान उतरला.

मग प्रत्येकाला विचारले, बाबा रे, तुला रात्री बघायचे काय असते? एकाने सांगितले, सरीच्या टोकाचे पाणी. दुसऱ्याने, बांधावरून विहिरीपर्यंतची वाट. तिसऱ्याने, मोटार बंद पडली तर लांबून खूण. चौथ्याने, बिबट्याचे डोळे. सगळी अंतरे मोजली तर १५० मीटरच्या आत बसली. एक जण ओढ्यापलीकडचे वावर म्हणाला, तेवढेच २०० ला गेले. उभ्या उसात तर कोणाचीच बॅटरी चार-दोन सऱ्यांपलीकडे जात नाही, पाला आडवा येतो. तिथे किलोमीटरचे पैसे फुकट.

तरण्या पोरांना हे पटले नाही. “साहेब, बनवायचीच तर एक किलोमीटरची बनवू, गावात नाव होईल.” हौस समजते. पण नावासाठी घेतलेल्या वस्तूचा हप्ता बिलातून जातो. माझे मत स्पष्ट आहे. २०० मीटरवर गोणपाट दिसले पाहिजे, त्यापुढे एक रुपया घालू नये. वाचेल तो पैसा पायाजवळच्या उजेडात घालावा.

कारण लांबचा झोत लागतो रात्रीतून मिळून तासभर. पायाजवळचा उजेड लागतो रात्रभर. आपल्या बॅटरीत दोन वेगळे दिवे हवेत. एक समोर, घट्ट झोताचा. दुसरा खाली किंवा बाजूला, पसरट, दहा-बारा फुटांचे कोंडाळे उजळणारा. झोत टाकला तरी खालचा दिवा विझता कामा नये. दोन दिव्यांना दोन बटणे, अंधारात अंगठ्याला वेगवेगळी कळतील अशी. बाजारातल्या बॅटरीला एकच बटण असते, ते पाच वेळा दाबले की मधेच भकभक सुरू होते. घोणस वाट बघत थांबत नाही. खालच्या दिव्याचा रंगही निळसर पांढरा नको. त्या उजेडात पाचट, माती आणि साप एकाच रंगाचे वाटतात. थोडा पिवळसर, दिवसाच्या जवळ जाणारा घ्यावा.

सेलचा हिशेब

आता बऱ्याच बॅटऱ्यांत लिथियमचा गोल सेल असतो, १८६५० नावाचा. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. खात्रीच्या सेलमध्ये २,५०० ते ३,५०० एमएएच भरते. ज्याच्यावर ९,९०० छापले आहे तो सेल खोटे बोलतो, हे डोळे मिटून समजावे.

३,००० चा एक सेल ३.६ व्होल्टने सुमारे साडेदहा वॅट-तास देतो. खालचा दिवा अर्ध्या वॅटचा, आठ तास लावला तर ४ झाले. झोत ४ वॅटचा, सगळा मिळून एक तास, तो ४. बेरीज ८. म्हणजे एका सेलवर रात्र निघते आणि थोडे शिल्लक राहते. दुसरा सेल कोरडा, प्लास्टिकच्या डबीत, खिशात ठेवावा. किलोमीटरची हौस सोडली म्हणून एका सेलवर भागले, हे ध्यानात घ्या.

सेल बाहेर काढता आला पाहिजे. आत डाग देऊन बसवलेला सेल मेला की बॅटरी उकिरड्यावर जाते. सेल संरक्षण सर्किटचा घ्यावा. चेपलेला, फुगलेला सेल वापरू नये, शेकोटीत टाकू नये, उशाशी चार्जिंगला लावून झोपू नये. उन्हात ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरही ठेवू नये.

बाकीचे थोडक्यात. अंग ॲल्युमिनियमचे, म्हणजे एलईडीची उष्णता बाहेर पडेल. सांध्याला रबरी रिंगा. पाटात पडली तर पाणी शिरू नये म्हणून आयपीएक्स-७ दर्जा मागावा, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. रंग काळा अजिबात नको. चिखलात पडली तर सापडली पाहिजे, म्हणून भगवा किंवा पिवळा. मनगटाला दोरी. काच, बटण, रिंग हे सुटे मिळावे आणि गावातल्या मोटार रिवायंडिंगवाल्याला बदलता यावे.

किमतीची मर्यादा आम्ही १,००० रुपये धरली आहे, दोन सेल धरून. अंदाज असा: सेल ५००, दोन्ही एलईडी आणि सर्किट २००, अंग, वाटी आणि काच २००, चार्जर १००. एकट्याने घ्यायला गेलो तर यात बसणार नाही. एकाच मागणीत शे-दोनशे नग गेले तरच बसेल. सहकाराचा उपयोग इथे आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप, कारखान्याने साखर करावी, बॅटऱ्यांच्या फंदात पडू नये. बरोबर आहे. कारखान्याने बॅटरी बनवू नये आणि अनुदानही देऊ नये. फुकटच्या वस्तूची कोणी निगा राखत नाही. कारखान्याने मागणी एकत्र करावी, आलेला माल तपासावा आणि सभासदाने लेखी संमती दिली तर रक्कम ऊसबिलातून दोन हप्त्यांत वळती करावी. माझ्या मते एवढेच पुरे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आमचे एक अण्णा म्हणाले, “साहेब, बॅटरी कशाला मागता? दिवसा लाईट मागा. बॅटरी चांगली झाली की सरकार म्हणंल, बघा, रात्री भागतंय की यांचं.” अण्णांचे म्हणणे मी खोडत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्या फीडरवर ती पोचली तिथली माणसे रात्री घरी झोपतात. आपल्याही सगळ्या फीडरवर ती यावी, यासाठी ठराव, अर्ज, पाठपुरावा चालूच राहिला पाहिजे. पण आज रात्री ज्याची पाळी आहे त्याने अंधारात जावे आणि ठरावाची वाट बघावी, हे मला पटत नाही. दिवसा लाईट आली तरी बॅटरी वाया जात नाही. गोठ्यात, वाटेवर, पहाटेच्या तोडीला ती लागतेच.

तिसरा आक्षेप बिबट्याचा. मोठा झोत असला की बिबट्या पळतो, असा समज आहे. या समजाने जीव जाईल. बिबट्या आता उसात राहतो, वाढतो. विद्या अत्रेय यांनी अकोले भागात केलेल्या अभ्यासातून हेच पुढे आले, की जंगल नसलेल्या शेतशिवारात माणसांच्या शेजारी बिबटे नांदतात. लांबच्या झोतात त्याचे डोळे चमकतात आणि आपल्याला वेळेवर कळते, झोताचा उपयोग एवढाच. कळले की मागे फिरायचे. झोत मारत पाठलाग करायचा नाही, दगड मारायचा नाही, मोबाईल काढायचा नाही. वन विभागाला १९२६ वर कळवायचे. दोघांनी मिळून जावे, बोलत जावे, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये. बॅटरी हे शस्त्र समजू नये.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. हंगामात आपल्या शिवारात हजारो तोडणी मजूर उतरतात. पहाटेच्या अंधारात बाया-माणसे कोपीतून बाहेर पडतात, पोर काखेत, कोयता हातात, आणि उजेड म्हणून मोबाईलचा दिवा. ते आपले सभासद नाहीत. पण त्यांनी तोडलेल्या उसावर आपले बिल निघते. पहिल्या मागणीत प्रत्येक टोळीमागे दोन बॅटऱ्या धराव्यात, खर्च कारखाना आणि तोडणी वाहतूक यांनी मिळून उचलावा, अशी माझी संचालक मंडळाला नम्र सूचना आहे. अनुदान नको म्हणणारा मी इथे अनुदान मागतो आहे, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या हातात ऊसबिल नाही त्याला वेगळा न्याय लावावा लागतो.

आता पुढे काय?

सगळे एकदम नको. पहिले २५ नग करून घ्यावेत. ज्यांची रात्रपाळी आहे अशा सभासदांनी ते स्वतःच्या पैशाने घ्यावेत आणि एक हंगाम वापरावेत. पंचविसातला एक माझा, पूर्ण किमतीचा. काय बिघडले, कधी बिघडले, पाणी शिरले का, सेल किती तास टिकला, हे वहीत लिहावे. पुन्हा एकदा काठ्या रोवून गोणपाट टांगावे. दोनशे मीटरवर दिसले नाही तर माल परत. त्या वह्या समोर ठेवूनच मोठी मागणी करावी.

बायकांनीही आपले म्हणणे सांगावे. घरातला गडी बाहेरगावी असला की दारे धरायला घरधनीणच जाते, हे आपण उघड बोलत नाही एवढेच. त्यांच्या मुठीत बसेल अशी जाडी, त्यांच्या हाताला झेपेल असे वजन ठरले पाहिजे.

गट ऑफिसला या पंधरवड्यात एक कोरी वही ठेवली आहे. ‘रात्री मला काय बघायचे असते’ एवढेच त्यात लिहायचे. किती लांब, किती वेळ, कशासाठी. लिहिता येत नसेल तर स्लिप बॉयला सांगा, तो लिहून घेईल.

पहिली नोंद तात्यांनी केली आहे. ते आता काठी टेकत चालतात, पण पाळी आली की वावरात जातात. त्यांनी लिहिले आहे: “पायापासनं पुढं दहा फूट. रातभर. मग बाकी काय बी करा.”

आपला,
ऊस विकास अधिकारी